शिंत्रे अक्कांची तीनशे वाक्यं

मला येणारा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो. "आमच्याकडे सगळं नवीन आहे." माइक नवीन, संगणक नवीन, भिंतींना चिकटवलेला स्पंज नवीन, आणि तरीही रेकॉर्डिंगमध्ये मागे 'म्म्म्म' असा आवाज येतो. मी विचारतो, घर किती जुनं आहे? नव्या वस्तूंच्या यादीत घर कुणी धरलेलं नसतं.

मी मूळचा निपाणीचा. बेंगळुरूच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत दुरुस्ती खात्यात चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात लोकांनी घरोघरी स्टुडिओ थाटले. कुणी गोष्टी वाचतं, कुणी गाणं शिकवतं, कुणी दोन मित्रांना समोर बसवून तासभर गप्पा मारतं आणि त्याला कार्यक्रम म्हणतं. या सगळ्यांच्या आवाजाखाली विजेची गुणगुण असते. ती कुठून येते ते हुडकून काढणं हा सध्याचा माझा उद्योग. आमच्या घरात याला 'म्हातारपणचा भुंगा' असं नाव आहे. नाव बायकोने ठेवलं.

या धंद्यात गूढ काही नाही. भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. माइकमधून येणारा आवाज इतका अशक्त असतो की तो कित्येक पटींनी वाढवावा लागतो, आणि तो वाढवताना शेजारून चाललेले विजेचे हेलकावेही फुकटात वाढतात. संगणकावर ते पुसता येत नाहीत का, असं सगळे विचारतात. येतात की. पण भाजी खारट झाली म्हणून ती नळाखाली धुवावी, तसा तो प्रकार. मीठ जातं, भाजीही जाते. त्यापेक्षा मीठ कोण टाकतंय ते शोधावं.

शोधायची रीत अशी की कानाला हेडफोन लावायचा आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जायची. जी बंद केल्यावर गुणगुण थांबेल ती चोर. याला बुद्धी लागत नाही, घरच्यांची परवानगी लागते. फ्रिज बंद करायला गृहिणी तयार नसते आणि वायफाय बंद करायला कुणीच तयार नसतं. शिवाय प्रत्येकाचा संशय आधीच ठरलेला असतो. येलहंक्याची मंडळी वर विमानांकडे बोट दाखवतात. मल्लेश्वरमची मंडळी मेट्रोकडे. पुण्याहून आलेल्या एका तरुणाने तर मला नकाशाच काढून दाखवला होता. "काका, सिग्नल इकडून येतोय, हंड्रेड पर्सेंट." तो सिग्नल त्याच्या टेबलाखालच्या फिशटँकमधून येत होता. मासे नकाशात नव्हते.

एका जोडप्याने मात्र माझ्यावर कडी केली. बाई कन्नड पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या. त्यांच्या लॅपटॉपला कुणी हात लावला की गुणगुण थांबे, हात काढला की सुरू. चार्जर दोन पिनांचा होता, म्हणजे त्याला तिसरी, जमिनीकडे जाणारी पिनच नव्हती. ती भटकी वीज माणसाच्या अंगातून वाट काढत होती. उपाय साधा होता, पण त्यांनी स्वतःचा उपाय आधीच काढला होता. बाई वाचायच्या आणि यजमान शेजारी बसून लॅपटॉपवर हात ठेवायचे. असं आठ महिने चाललं होतं. "स्वल्प अड्जस्ट माडिदेवी," थोडं जुळवून घेतलं, असं यजमान म्हणाले. मी तीन पिनांचा चार्जर लावून दिला. बाईंना आनंद झाला. यजमान जरा उदास दिसले. आता त्यांना त्या खोलीत बसायचं काही कारण उरलं नव्हतं.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते सांगताना मी शहाणा दिसतो. म्हणून आता ज्यात मी शहाणा दिसत नाही तो सांगतो.

शिंत्रे अण्णा आमच्या स्टुडिओत विजेचे फोरमन होते. मी नोकरीला लागलो तेव्हा मला स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं. ते बेळगावकडचे, मी निपाणीचा, त्यामुळे शिव्या खाताना मला भाषेची अडचण कधी आली नाही. त्यांचा सगळा जीव अर्थिंगवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगणात एक खोल खड्डा घेतात, त्यात तांब्याची पट्टी उभी करतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. घरातल्या यंत्रांमधून गळणारी वीज एका तारेने त्या पट्टीपर्यंत येते आणि मातीत जिरते. पण माती ओली असली तरच जिरते. म्हणून खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं असतं. मल्लेश्वरमच्या आपल्या घरातला खड्डा अण्णांनी स्वतः खणला होता. लोक पाहुण्यांना देवघर दाखवतात, अण्णा खड्ड्याचं झाकण उघडून दाखवायचे.

एका मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. "वसंता, ये की जरा. अक्काचं काम अडलंय."

अक्का म्हणजे त्यांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. म्हणजे सोमवारनंतर अक्का बोलू शकणार नव्हत्या, कधीच. कॅनडातल्या मुलाने एक प्रोग्रॅम शोधून काढला होता. त्याला माणसाने आधी स्वतःच्या आवाजात तीनशे वाक्यं वाचून द्यायची. त्यावरून तो आवाजाचा साचा तयार करतो. मग पुढे माणूस टॅबवर जे टाइप करेल ते टॅब त्याच माणसाच्या आवाजात बोलून दाखवतो. अट एकच होती. वाक्यं स्वच्छ हवीत. अक्का वाक्य वाचायच्या आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटायची: पार्श्वभूमीत आवाज आहे, कृपया पुन्हा म्हणा.

मी गेलो तेव्हा अक्का हॉलमध्ये माइकसमोर बसल्या होत्या. आवाज थोडा जाडसर झाला होता, पण अजून त्यांचाच होता. "बस रे वसंत. बघ काय वाचायला लावालेत." पडद्यावर वाक्य होतं, 'डॉक्टरांनी लाल छत्री उघडून बाकावर ठेवली.'

"ह्या छत्रीचं मी पुढं काय करू?" अक्का म्हणाल्या.

मी हेडफोन लावला. गुणगुण चांगली जाड होती. मी मनात म्हटलं, तासाभराचं काम.

मंगळवार गेला. मी ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, यूपीएस सोडवला, केबल बदलल्या. बुधवारी बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरहून नवा माइक आणला. गुणगुण कधी कमी व्हायची, कधी जास्त, पण जायची नाही. संगणक जुना, टेबलावरचा, बॅटरी नसलेला. प्रोग्रॅम मुलाने त्यावरच बसवला होता, दुसऱ्या संगणकावर हलवायचा तर कंपनीची परवानगी मागायची, आणि उत्तराला पाच कामाचे दिवस लागतील असं त्यांनी नम्रपणे कळवलं होतं. अक्कांना दहा-बारा वाक्यांनंतर दम लागे, आडवं व्हावं लागे. त्यांना गाडीत घालून स्टुडिओपर्यंत नेण्यात अर्थ नव्हता. गुरुवारी मी शेजाऱ्यांची वॉशिंग मशीनही बंद करायला लावली. शेजारी भले, त्यांनी कपडे हाताने धुतले. अण्णा माझ्यासोबत घरभर फिरत होते आणि मी एकेक वस्तू बंद केली की मान डोलवत होते.

तीन दिवसांत नऊ वाक्यं मंजूर झाली, मंगळवारचं त्यात एकही नव्हतं. ती कशी झाली हे मला आजही कळलेलं नाही.

आता कबुली. दुसऱ्या कुणाच्याही घरी मी पहिल्या अर्ध्या तासात अर्थिंग तपासतो. मीटर माझ्या पिशवीतच असतं. अण्णांच्या घरी तीन दिवस मी ते बाहेर काढलं नाही. ज्यांनी मला अर्थिंग शिकवलं त्यांच्या अर्थिंगला मीटर लावायचं म्हणजे बापाला जन्माचा दाखला मागण्यासारखं वाटलं. आणि तसं वाटलं हे तेव्हा मला कळलंही नाही. मी आपला फिशटँक शोधत होतो. त्यांच्याकडे फिशटँक नव्हता.

शुक्रवारी सकाळी अक्कांचा आवाज बसला होता. डॉक्टर म्हणाले, गाठ वाढतेय, असं होणारच. मी प्यायला पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. अनवाणी होतो, आणि फरशी नुकतीच पुसलेली. फ्रिजच्या दाराला हात लावला आणि मनगटापर्यंत मुंग्या आल्या. मी हात मागे घेतला. पुन्हा लावला. पुन्हा मुंग्या.

मागून अक्का म्हणाल्या, "चप्पल घाल की."

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. अक्कांच्या पायात रबरी चपला होत्या. ज्या घरात देव स्वयंपाकघरात आणि चपला फाटकाबाहेर, त्या घरात. दाराशी आणखी एक जोड ठेवलेला होता, कामवालीसाठी.

"अक्का, हे कधीपासनं?"

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "वर्ष होत आलं. जोरात लागत न्हाई रे. मुंगी चावल्यागत."

"अण्णांना नाही सांगितलंत?"

"ते कधी पाऊल टाकत न्हाईत इथं." अक्का ओट्याला टेकल्या. गेल्या उन्हाळ्याच्या आधी अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा खड्ड्यात दर शुक्रवारी बादली ओतायचं काम त्यांनी अक्कांना लावून दिलं होतं. मग बोअरवेल आटली. टँकरचं पाणी आलं. "दोन बादल्यांत भांडी, एकीत आंघोळ. त्यात त्या खड्ड्याला कुठनं घालू? म्हटलं माती ती, तिला काय कळतंय." पुढे पाणी आलं, पण सवय मोडली ती मोडलीच. मग फ्रिज चावू लागला. "कशामुळं ते मला कळलं रे. गणित शिकवत होते मी, येडी न्हाई. पण सांगायचं कसं? आयुष्यात त्यांनी आपलं एक काम माझ्या हातात दिलं, आणि ते मी..." खोकला आला. त्या दिवशीचा निम्मा आवाज त्यांनी माझ्याशी बोलण्यात खर्च केला होता.

"आणि ह्या रेकॉर्डिंगचा त्याच्याशी संबंध असेल असं वाटलं नाही?"

त्यांनी मान हलवली. कसं वाटणार? ते मला वाटायला हवं होतं.

मी बाहेर आलो आणि अण्णांशी खोटं बोलायचा प्रयत्न केला. "अण्णा, अर्थिंगचं एखादं कनेक्शन सैल झालं असेल. सहज बघू या का?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी यशस्वीपणे खोटं बोललो नव्हतो. ते अंगणात गेले, वाकले आणि झाकण उचललं.

खड्डा ठणठणीत कोरडा होता. कोळ्याने त्यात जाळं करून संसार मांडला होता.

अण्णांनी मान वर केली. अक्का दारात येऊन उभ्या होत्या, चपला घालूनच. अण्णांची नजर त्या चपलांवर गेली आणि तिथेच थांबली. फोरमन माणूस. त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"झटका बसत होता तुला?"

"मोठा न्हाई हो."

"आणि गप्प बसलीस?"

"तुमचा खड्डा चांगलाच होता," अक्का म्हणाल्या. "पाणी माझं कमी पडलं."

मला वाटलं आता अण्णा भडकणार. स्टुडिओत एका ढिल्या तारेवरून त्यांनी माणसं रडवलेली मी पाहिली आहेत. पण ते तिथेच, खड्ड्याच्या कडेला, फरशीवर बसले. "गुडघा बरा होऊन आठ महिने झाले माझा," ते म्हणाले. "आठ महिन्यांत एकदाबी झाकण उघडून बघितलं न्हाई मी. आल्यागेल्याला दाखवायचं तेवढं बंद केलं, गुडघ्याचं निमित्त सांगून. आणि तू बे वसंता? तू का न्हाई बघितलास?"

"तुमचं होतं म्हणून," मी म्हणालो.

अण्णांनी मला एक शिवी दिली. ती इथे छापता येणार नाही आणि ती मला लागायला हवी होती तितकी लागली.

मग त्यांनी बादली मागितली. मी ओततो म्हणालो तर ऐकेनात. मला म्हणाले, तू आत जाऊन ऐक. मी हेडफोन लावून संगणकासमोर बसलो. अण्णा लंगडत टाकीपर्यंत जायचे, बादली भरायचे, खड्ड्यात ओतायचे आणि अंगणातून ओरडायचे, "आता?"

पहिल्या बादलीला काही झालं नाही. मातीनेच पिऊन टाकली. दुसरीला गुणगुण किंचित हलली. तिसरीत त्यांनी मूठभर मीठ टाकलं.

"आता?"

"उतरतंय, अण्णा."

"आता?"

पाचव्या बादलीनंतर ती गेली. अशी गेली की मला वाटलं हेडफोनच बंद पडला. मी अक्कांना खूण केली. त्यांनी त्या छत्रीवाल्या डॉक्टरांचं वाक्य वाचलं आणि पडद्यावर पहिल्याच फटक्यात हिरवी खूण आली. अण्णा ओल्या पायांनी दारात उभे होते. त्यांना आत या म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

शुक्रवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत आम्ही उरलेली वाक्यं उरकली. रोज सकाळी अण्णा खड्ड्याला पाणी घालायचे, मग अक्का बसायच्या. दहा वाक्यं, अर्धा तास आडवं, पुन्हा दहा वाक्यं. प्रोग्रॅमला आता कसलीच तक्रार नव्हती. आवाज घोगरा झालाय, मध्येच फाटतोय, दोन शब्दांमध्ये धाप लागतेय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मागे शांतता असली की तो खूश. रविवारी शेवटची वाक्यं अक्कांनी जवळजवळ कुजबुजतच म्हटली. तीही मंजूर झाली. तीनशे पूर्ण झाल्यावर पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडाले. आम्ही तिघेही ते संपेपर्यंत बघत बसलो.

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली.

तीन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो. अक्का बारीक झाल्या होत्या, गळ्याभोवती सुती रुमाल होता, पण डोळे तेच. त्यांनी मांडीवरच्या टॅबवर टाइप केलं आणि टॅब म्हणाला, "ये रे वसंत, बस." आवाज अक्कांचाच होता. रविवारच्या अक्कांचा. घोगरा, थकलेला, वाक्याच्या शेवटी दम तुटणारा. प्रोग्रॅमने त्याला मिळाला तो आवाज इमानदारीने जपला होता. इथून पुढे अक्का देवाला हात जोडोत, नाहीतर दूधवाल्याशी भांडोत, आवाज त्या एका रविवारचाच असणार होता.

अण्णांनी चहा आणला. स्वयंपाकघरात ते अनवाणी वावरत होते आणि अक्काही. चहा झाल्यावर अण्णांनी घसा खाकरला. मला वाटलं, खड्ड्याचं काही विचारणार.

"मंगळवारचं ते तुझ्याकडं असंल न्हवं?" ते म्हणाले. "पयल्या दिवशीचं. तवा तिचा आवाज बरा होता. प्रोग्रॅमनं घेतलं न्हाई ते असू दे. गुणगुण असली तरी मला चालतंय. मला नुसतं ऐकायला पाहिजे."

आमच्या वेळी टेप महाग होती. बिघडलेला टेक, म्हणजे फसलेलं मुद्रण, ठेवायचा नाही, लगेच पुसायचा, त्यावरच पुढचा घ्यायचा, ही आमची शिस्त. अण्णांच्याच हाताखाली ती अंगात मुरली. त्या तीन दिवसांत, रोज संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी, मी नाकारली गेलेली सगळी वाक्यं संगणकावरून पुसून टाकत होतो. जागा मोकळी राहावी म्हणून. संगणकात जागा भरपूर होती. मंगळवारच्या अक्का, धडधाकट आवाजाच्या, प्रत्येक वाक्यावर टोमणा मारणाऱ्या, मी स्वतः माझ्या हाताने पुसल्या होत्या. गुणगुणीसकट ते रेकॉर्डिंग प्रोग्रॅमला निरुपयोगी होतं. एका म्हाताऱ्याला रोज ऐकायला ते सोन्यासारखं होतं, आणि हे मला तेव्हा सुचलं नाही, कारण तीन दिवस मी फक्त गुणगुण ऐकत होतो. माझ्यासमोर एक बाई तिच्या आयुष्यातले शेवटचे शब्द बोलत होती आणि मी त्यांच्यामागचं ऐकत होतो.

मी अण्णांना ते सांगितलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अण्णांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते कपबश्या गोळा करायला लागले, आणि एक बशी त्यांनी दोनदा उचलून दोनदा खाली ठेवली.

अक्का टाइप करत होत्या. त्या एकाच बोटाने टाइप करतात, त्यामुळे वेळ लागतो. आम्ही दोघे त्या बोटाकडे बघत थांबलो. मग टॅब बोलला.

"पुसलास ते बरं केलास. त्यात गुणगुण होती."

सवयीने माझा कान आवाजाच्या मागे गेला. मागे काहीही नव्हतं.